टेंभुर्णीकर सर आणि सांधा नसलेला धातू

टेंभुर्णीकर सरांशी ओळख व्हायची तर आधी तळहात पुढं करावा लागायचा. अंबडच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी प्राचार्य मला भौतिकशास्त्राच्या खोलीत घेऊन गेले आणि म्हणाले, "हे डॉ. टेंभुर्णीकर. आपले सगळ्यात जुने पीएच. डी." सरांनी नमस्कार केला नाही. सफारीच्या खिशातून चष्म्याची डबी काढली. तिच्यात चष्मा नव्हता. मखमलीवर एक राखाडी, चकचकीत कांडी झोपवलेली होती. जाडीला पेन्सिलीएवढी, लांबीला बोटाएवढी.

"हात पुढं करा," सर म्हणाले.

मी केला. कांडी हातावर आली आणि हात जरासा खाली गेला.

"जड आहे हो," मी म्हणाले. प्रत्येक जण हेच म्हणायचा आणि सर त्याचीच वाट बघत असायचे.

"सोन्याइतकाच जड. टंगस्टन. पण वजनाचं सोडा, वजन कुणाचंही असतंय. याच्यात सांधा न्हाई, मॅडम. एकस्फटिक आहे हा. एक म्हंजे एक!"

मग उभ्या उभ्या अर्धा तास व्याख्यान झालं. कुठलाही धातू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या असंख्य बारीक दाण्यांचा गोळा असतो. टंगस्टनला तर या दाण्यांच्या कडाच घात करतात. जुन्या बल्बची तार तिथंच तुटायची. पण या कांडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे अणू एकाच रांगेत, एकाच शिस्तीत उभे. ही कांडी सरांनी स्वतः तयार केलेली होती. तरुणपणी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत. निर्वात नळीत धातू उभा धरायचा, इलेक्ट्रॉनच्या झोतानं त्याचा एक अरुंद पट्टा वितळवायचा आणि तो पट्टा मुंगीच्या चालीनं वर सरकवत न्यायचा. मागं जे गोठत जाईल ते अखंड. सगळ्या धातूंत सगळ्यात उशिरा वितळणारा हा धातू. त्याला पातळ करून पुन्हा शिस्तीत गोठवणं म्हणजे गंमत नव्हे. तेवढं मी तेव्हाही मान्य केलं होतं, आजही करते.

पीएच. डी. झाली, अंबडला कायमची नोकरी लागली, सर डबीसकट गावी आले. त्यानंतर कांडीत काही बदल झाला नाही आणि सरांतही. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी संशोधन केलं ते फक्त इतरांच्या दोषांचं. एखादा माणूस आवडला नाही की ते म्हणत, "पॉलिक्रिस्टलाइन आहे तो." म्हणजे नुसता दाण्यांचा गोळा. स्टाफ मीटिंगमधला ठराव पॉलिक्रिस्टलाइन, कँटीनचा रवाळ शिरा पॉलिक्रिस्टलाइन, प्राचार्यांचं इंग्रजी तर बिलकुलच पॉलिक्रिस्टलाइन. पोरांनी त्यांचं नाव 'वनपीस सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. वनपीस हा बायकांचा एक पोशाखही असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

वर्गात कुठलाही धडा असो, तिसऱ्या तासाला ते टंगस्टनवर येत. प्रकाशावरून यायचे, उष्णतेवरून यायचे, एकदा तर गुरुत्वाकर्षणावरून आले. एका हुशार मुलीनं चाचणी परीक्षेत भिंगांवरच्या प्रश्नाचं उत्तर येत नाही म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लिहिला आणि त्यातली इलेक्ट्रॉन सोडणारी सुई टंगस्टनच्या एकस्फटिकाची असते, कारण स्फटिकाच्या वेगवेगळ्या बाजूंनी इलेक्ट्रॉन कमी-जास्त सहजतेनं सुटतात, असं पानभर ठोकलं. सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले. पुढच्या वर्षीपासून सगळा वर्ग हुशार झाला.

सराफाचं प्रकरण मी आले त्याच वर्षीचं. सरांच्या मनात एक दिवस समाजसेवा आली. खोट्या सोन्यात टंगस्टन भरतात हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि अंबडच्या सराफ बाजारात जाऊन निदान एका दुकानदाराला तरी सावध करावं असं त्यांनी ठरवलं. हेतू चांगलाच होता. पण सरांची शिकवण्याची पद्धत अशी, की विषय मुळापासून सुरू व्हायचा. सोन्याच्या पोटातला टंगस्टन कसा ओळखायचा हे व्याख्यानाच्या शेवटी येणार होतं.

त्यांनी दुकानात बसून पेल्यात पाणी मागवलं. कांडी बुडवली, वजन केलं, मग सराफाकडच्याच चोख सोन्याच्या वेढ्याचं वजन केलं आणि कागदावर गणित मांडून दाखवलं, की दोन्हींची घनता जवळजवळ एकच.

सराफ हळूच म्हणाला, "म्हंजे हे सोन्याच्या आत घातलं तर?"

"काट्यावर कळणारच न्हाई!" सर आनंदानं म्हणाले. "वरून पातळ सोनं चढवायचं. बस्स. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

"असं का. चहा घेता का सर? बसा न, मी आलोच."

चहाच्या आधी पोलीस आले. ठाण्यात फौजदारानं डबी उघडली, कांडी वरखाली केली आणि विचारलं, "हे कशासाठी बाळगता तुम्ही?"

यापेक्षा वाईट प्रश्न त्या फौजदाराला सुचूच शकला नसता. सरांनी खुर्ची पुढं ओढली. सूक्ष्मदर्शकाच्या सुया, एक्स-रेच्या नळ्या, अणुभट्टीच्या आतल्या भिंती, उष्णतेची सरळ वीज करणारी यंत्रं, किरणांना वाट आखून देणाऱ्या पट्ट्या, सगळं सांगितलं. प्राचार्य जामीन राहायला धावत गेले तर फौजदारच उठून त्यांच्याकडं आला.

"साहेब, हे तुमचेच न? न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

"पण चौकशी..."

"चौकशी झाली. जास्तीचीच झाली."

बाहेर आल्यावर सर प्राचार्यांना म्हणाले, "खोटं सोनं ओळखायची रीत सांगायची राहूनच गेली. आवाजाच्या लहरी सोडायच्या. सोन्यात त्या हळू जातात, टंगस्टनमध्ये जल्दी. जरा परत जाऊन येऊ का?" प्राचार्यांनी त्यांना दंडाला धरून रिक्षात बसवलं. त्या सराफाकडं मी पुढं मंगळसूत्र करायला गेले, तेव्हा कॉलेजचं नाव काढताच त्यानं काटा उचलून आत ठेवला.

जालन्याच्या सळई कारखान्याची गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. उद्योगांशी संबंध वाढवा असं वरून पत्र आलं होतं म्हणून प्राचार्यांनी आम्हा दोघांना एका रोलिंग मिलच्या मालकाला भेटायला पाठवलं. मी पाण्याच्या तपासणीचं बोलणार होते. माझं बोलणं निघालंच नाही. मालक साधा माणूस, कपाळाला टिळा, टेबलावर फोन ठेवून मान देऊन ऐकत होता. सरांनी त्याच्या हातावर कांडी ठेवली, "जड आहे" ऐकून घेतलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या लालभडक सळयांकडं बोट करून म्हणाले,

"तुमचा माल म्हंजे निव्वळ भुसा आहे, शेठ."

मालकाचा चेहरा उतरला. "टेस्टिंगला पास आहे साहेब."

"पास असेल. पण दाणे! अब्जावधी दाणे! प्रत्येक दाण्याचं तोंड वेगळीकडं. याला काय धातू म्हणायचं?"

"मंग कसं करायचं म्हणता?"

सरांनी निर्वात नळी, इलेक्ट्रॉनचा झोत आणि मुंगीची चाल सांगितली. मालक व्यवहारी होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "साहेब, ही बोटभर कांडी करायला किती वेळ लागला?"

"ही? आधीच्या बिघडलेल्या धरल्या तर दोन वर्षं."

मालकानं कांडी दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती ठेवावी तशी डबीत ठेवली. "फार मोठं काम आहे. पण माझ्याकडं लोकं स्लॅब टाकायला सळई नेतात. त्यांच्या हयातीत टाकायचा असतोय तो."

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसून सबंध रस्ता म्हणत होते, "दृष्टीच न्हाई या लोकांना. बिलकुल दृष्टी न्हाई." मी पाण्याच्या तपासणीचे माझे कागद पर्समध्ये घडी करून ठेवत होते आणि मनात म्हणत होते, की दृष्टी असलेला एकच माणूस या गाडीत आहे आणि त्याला समोरचं दिसत नाही.

मग मूल्यांकन समिती यायची ठरली. बाहेरचे तीन प्राध्यापक येऊन कॉलेज तपासणार होते, आणि त्यांच्या शेऱ्यावर कुठल्या तरी एका विभागाला संशोधन केंद्र मिळणार होतं. ही बातमी आली त्या दिवसापासून सर बदलले. कुणाला पॉलिक्रिस्टलाइन म्हणेनात. स्वतः फडकं घेऊन खोली पुसायला लागले. केंद्र मिळालं तर निर्वात नळी येईल, झोत येईल, विद्यार्थी येतील. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. एकदा माझ्याकडं अल्कोहोल मागायला आले, कांडी पुसायला, तेव्हा म्हणाले, "मॅडम, एक तरी अजून करून जायची आहे मला. हा एकच राह्यलाय." त्यांच्या आवाजात तेव्हा व्याख्यान नव्हतं. मी बाटली दिली आणि पुन्हा फडकं उचललं; केंद्र आपल्या विभागाला मिळावं म्हणून मीही खोली पुसतच होते.

सरांनी प्रयोग ठरवला होता. साध्या टंगस्टनची एक कांडी आणि ही एकस्फटिकाची. साधी कांडी खोलीच्या तापमानाला वाकवायला जावं तर काडीसारखी मोडते. एकस्फटिक, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि जोर हळूहळू दिला तर, न मोडता वाकतो. टेबलाला मोठा शेगडा, म्हणजे पकडीचा व्हाइस, घट्ट बसवला. कांडीच्या टोकावर घालायला लोखंडी नळी आणली, जोर लागावा म्हणून. सगळ्या आयुष्यात त्यांनी ती कांडी वाकवून पाहिलेली नव्हती. मोडली तर?

"मोडणार न्हाई," सर म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी शिपाई दगडूमामांकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

समिती उशिरा आली. अध्यक्षांनी आधी रांगोळी पाहिली, मग आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख पाहिली, मग मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का ते पाहिलं. भौतिकशास्त्राच्या खोलीत ते शिरले तेव्हा मागच्या अंगणातून भजी तळल्याचा वास यायला लागला होता. सरांनी तळहात पुढं करायला सांगितला. अध्यक्षांनी कांडी घेतली. ते "जड आहे" म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "व्हेरी नाइस," आणि परत दिली. तिथंच सरांचं पाठ केलेलं भाषण अडलं. पुढचं वाक्य त्याच शब्दांवर टांगलेलं होतं.

ते सावरेपर्यंत प्राचार्य दारातून म्हणाले, "सर, पान वाढलंय."

समिती वळली. सरांनी घाईघाईनं साधी कांडी शेगड्यात धरली, नळी घातली आणि ओढली. कट्‌कन मोठा आवाज झाला. अध्यक्षांनी दारातून मान वळवली, मोडका तुकडा फरशीवर पडलेला पाहिला, "अरे अरे" म्हणाले आणि जेवायला गेले.

खोलीत सर, दगडूमामा आणि मी उरलो. मला वाटलं, आता कांडी डबीत जाईल. सरांनी ती शेगड्यात धरली.

"सर, गेले ते," मी म्हणाले.

"हळू करायचंय. घाई केली तर हाही मोडतो," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी नळीवर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार थोडाथोडा टाकायला लागले. मामांनी टेबल धरून ठेवलं. अंगणातून पानावर कोशिंबीर वाढा, कोशिंबीर वाढा, असा प्राचार्यांचा आवाज येत होता. नळी हलल्यासारखी वाटली. मग खरंच हलली. आवाज झाला नाही. सरांनी नळी काढली तेव्हा कांडी मधोमध वाकलेली होती, मान झुकवल्यासारखी, आणि तिच्यावर एक चीरसुद्धा नव्हती.

"मॅडम! मोडला न्हाई! पाहिलं न तुम्ही? मामा, पाहिलं न?"

"पाह्यलं सर," दगडूमामा म्हणाले. "वाकलं बराबर."

समितीच्या अहवालात भौतिकशास्त्राबद्दल एकच ओळ आली: उपकरणांची मोडतोड होत असल्याने देखभालीकडे लक्ष द्यावे. संशोधन केंद्र वाणिज्य विभागाला मिळालं. त्या विभागाच्या प्रमुखांनी समितीला शेवटी पान-सुपारी दिली होती.

अहवाल आला त्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. डबी उघडी होती. वाकलेली कांडी आत मावत नव्हती.

"आता हिचं पूर्वीसारखं न्हाई राह्यलं मॅडम," ते म्हणाले. "वाकताना आतल्या रांगा सरकल्या. एक्स-रे काढला तर ठिपके गोल यायचे, आता ओढल्यासारखे येतील. स्फटिक बिघडला."

"मग वाकवला कशाला? बघायला कुणी नव्हतं."

"मला तरी दुसरं कोण होतं दाखवायला?" ते म्हणाले. "इतकी वर्षं मीच सांगून राह्यलो होतो, की मोडत न्हाई. पाह्यलं कुणी होतं?"

मला यावर खोचक उत्तर सुचलं होतं. मी ते गिळलं. त्याचा मोबदला म्हणून की काय, निवृत्तीपर्यंत सरांनी मला साक्षीदार करून टाकलं. नवा प्राध्यापक आला, की "तिडके मॅडमना विचारा, त्यांच्यासमोर वाकवलाय." विद्यार्थ्यांचे पालक आले, की तेच. एकदा टपालवाल्यालाही पाठवलं होतं माझ्याकडं. मी प्रयोगनळी खाली ठेवून सांगितलं, हो, वाकला, मोडला नाही. तो म्हणाला, बरं, इथं सही करा.

निरोप समारंभात सर एवढं बोलले, की प्राचार्यांनी शाल दोनदा उघडून दोनदा घडी केली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि कांडी माझ्या कागदांवर ठेवली. "असू द्या तुमच्याकडं. आता गडगडत न्हाई." कागद दाबायला ती उत्तम आहे.

निवृत्तीनंतर ते जालन्यात मुलाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मुलगा परदेशात. पहिल्याच वर्षी त्यांच्या पत्नी, सुमनताई, न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ताई स्ट्रेचरवर होत्या आणि सर एक्स-रे काढणाऱ्या पोराला त्याच्या यंत्राबद्दल सांगत होते.

"या नळीत टंगस्टनची थाळी असते. तिच्यावर इलेक्ट्रॉन आदळतात म्हून एक्स-रे निघतात. पण तुमची थाळी दाण्यांची आहे! तापून तापून दाण्यांच्या कडेनं तडे जातात. त्यापेक्षा..."

"सर, काकूंचा पाय धरा जरा. हलू देऊ नका."

सरांनी पाय धरला आणि वाक्य पुरं केलं. मी ताईंजवळ गेले. "फार दुखतंय का हो?"

"यांचं ऐकत राह्यलं की पायाचं दुखणं विसरतं," ताई म्हणाल्या. "दुसरंच दुखायला लागतं." आणि एवढ्या वेदनेतही त्या हसल्या. सर हसले नाहीत. पोरानं त्यांना बाहेर काढून दार लावलं. सर दारावरच्या लाल दिव्याकडं बघत उभे राहिले. मी पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं आणि पिण्याचं विसरून हातातच धरलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांना एकदाच पाहिलं. घराच्या फाटकाचं काम सांगायला मी अंबड रोडवरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेले होते. आत आर्गन वेल्डिंग चाललं होतं. त्या वेल्डिंगच्या पिस्तुलाच्या टोकाला टंगस्टनचीच सुई असते. शेजारी टेंभुर्णीकर सर उभे. मी मनाशी म्हटलं, आता बिचाऱ्या वेल्डरची दुपार गेली. पण सर सुईकडं बघतसुद्धा नव्हते. ते स्टीलच्या एका दांड्याच्या कडांवरून अंगठा फिरवत होते.

"इथं अजून घास. साडी अडकंल तिची."

वेल्डरनं घासलं. सरांनी पुन्हा अंगठा फिरवला. "आता भिंतीला कसा लावशील? दाखव."

वेल्डरनं दांडा दुकानाच्या दोन खांबांमध्ये बोल्ट मारून आडवा बसवला. "असा लावतो सर. न्हाणीघरात धरायला मस्त. कितीबी वजन घेतंय."

"बघू."

सरांनी चपला काढल्या. सफारीच्या बाह्या वर केल्या, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय पोटाशी घेतले. एवढा मोठा माणूस त्या दांड्याला लटकला. शर्ट वर सरकून बनियन दिसायला लागला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"ओ सर, उतरा! पडाल न!"

"मी पडलो तर चालतंय," सर लटकल्या लटकल्या म्हणाले. "ती न्हाई पडली पाह्यजे."

मी हाक मारली नाही. फाटकाचं दुसऱ्या दिवशी सांगू म्हणून स्कूटर वळवली. वळणावरून मागं बघितलं तेव्हाही ते उतरले नव्हते.